गच्चीवरचे दोर

सून : म्हणजे दोर घासून तुटला नाही.

मॅडम : नाही. घासून तुटला असता तर टोक झाडूसारखं पिंजारलं असतं. हे बघा. हात लावा, चालेल. याच्यावरच्या माझ्या चाचण्या झाल्यात.

सून : वाळलेली काडी मोडावी तसं मोडलंय.

मॅडम : हो. आणि जिथं तो कठड्यावर टेकत होता, तिथं तुटलेलाच नाही. ती जागा मला वेगळी सापडली. अजून गोणपाटाचे तंतू चिकटलेत तिथं. म्हणजे तुमच्या मिस्टरांनी काठावर गोणपाट घातलं होतं.

सून : घातलंच असणार. घरात कपाट सरकवायचं म्हटलं तरी आधी खाली फडकं घालणारा माणूस तो. मी हसायचे. म्हणायचे, अहो, कपाट आहे, नवरी नाही. आणि ठेकेदार सगळ्यांसमोर काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणे, गोणपाट घालायचा आळस केला, भिंतीच्या काठावर दोर घासला, मेला स्वतःच्या हातानं. बाबांच्या तोंडावर म्हणाला.

मॅडम : बाबा म्हणजे खाली बसलेत ते?

सून : माझे सासरे. सगळे त्यांना दोरमास्तर म्हणतात. या शहरातल्या उंच भिंती रंगवणारी निम्मी पोरं त्यांच्या हाताखाली तयार झाली. दोरावर बसायचं कसं, गाठ मारायची कशी, गोणपाट घालायचं कसं, सगळं त्यांनी शिकवलं. आणि त्यांच्याच मुलानं म्हणे गोणपाट घातलं नाही! माणूस गेला ते गेला, वर ही नाचक्की. मॅडम, हे सही-शिक्क्यानं लिहून मिळेल ना?

मॅडम : मिळेल. कमरेला दुसरा दोर नव्हता, तेही लिहीन.

सून : ठेकेदारानं तो कधी दिलाच नाही. मागितला की म्हणायचा, एवढी भीती वाटते तर जमिनीवरच्या भिंती रंगवा. बरं, निघते मी. आज सुट्टीच्या दिवशी तुम्ही आमच्यासाठी आलात, उपकार झाले. बाबांना खालीच सांगते, गोणपाट होतं म्हणून. तेवढ्यानं चार घास तरी नीट... मॅडम, तुम्ही अशा का बघताय? अजून काही आहे?

मॅडम : दोर का तुटला, ते सांगायचं राहिलंय.

सून : सांगा की मग.

मॅडम : बसा जरा. तुम्ही मला दोन तुकडे आणून दिलेत. एक त्या दिवशीचा. दुसरा ट्रंकेत राहून गेलेला, त्याच गुंडाळीतला, कधीच न वापरलेला.

सून : तुम्हीच मागितला होता. उजेड न बघितलेला हवा म्हणालात.

मॅडम : आम्हाला प्रत्येक वस्तूचा असा एक जोडीदार लागतो, अंधारात राहिलेला. नाहीतर किती बिघडलं ते कळणार कशावरून? मी दोन्ही यंत्रात धरून ओढले. ट्रंकेतल्यानं दाद दिली नाही. शेवटी तुटला, पण यंत्राचा घाम काढून तुटला. हा दुसरा मात्र... यंत्र नीट सुरूही झालं नव्हतं.

सून : एकाच गुंडाळीतले ना?

मॅडम : एकाच. याला ऊन खाऊन गेलं.

सून : ऊन? ऊन तर सगळ्यांनाच लागतं. मला लागतं, तुम्हाला लागतं.

मॅडम : याला सोसत नाही. हा प्लॅस्टिकचा दोर आहे, स्वस्तातला. उन्हापासून राखणारं औषध घालतात चांगल्या दोरात, ते यात जवळजवळ नाहीच. म्हणजे बघा, आत लांबच लांब साखळ्या असतात, डोळ्यांना दिसणार नाहीत अशा. उजेड त्यातली एक कडी तोडतो. मग हवेतला ऑक्सिजन त्या तुटक्या जागी येऊन बसतो. मग ती कडी शेजारची तोडते, ती तिच्या शेजारची. दोर वरून दोरच दिसतो. रंग थोडा उडतो, आणि हाताला पांढरी पूड लागते.

सून : पांढरी पूड.

मॅडम : हो. धागेच भुगा होऊन सुटायला लागतात.

सून : शर्टाच्या खांद्यावर असायची. जिथं दोर टाकून आणायचे ना, त्या खांद्यावर. मी म्हणायचे, भिंतीचा चुना सगळा घरी आणता, मालकाला काही ठेवता की नाही? आणि खिडकीत उभी राहून झटकून टाकायचे. रोज झटकायचे, मॅडम.

मॅडम : कुणालाही तो चुनाच वाटला असता.

सून : तुम्हाला नसता वाटला.

मॅडम : मला तेवढं एकच कळतं म्हणून. बाकी मला काय येतं? मी इतकी वर्षं प्लॅस्टिकच्या पट्ट्या उन्हात ठेवते, दिव्याखाली भाजते आणि ओढून तोडते. पट्टी तुटली की आकडा लिहायचा आणि दुसरी लावायची. खाली कधी कुणी लटकलेलं नसतं. या वेळी होतं. मला एक विचारायचं आहे. रागावू नका.

सून : विचारा.

मॅडम : कामावर लागणाऱ्या उन्हानं दोराची इतकी वाट लागत नाही. हा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच भाजलाय. आधी एका अंगानं, मग दुसऱ्या. कुणीतरी ताणून, मोकळा पसरून, मधेच फिरवून ठेवावा तसा. घरी दोर कुठं असायचा?

सून : पलंगाखाली.

मॅडम : पलंगाखालचा दोर असा होत नाही.

सून : तुम्ही दोर तपासताय की मला?

मॅडम : माफ करा. नका सांगू.

सून : दार लावलंय ना? बाबा खालीच आहेत ना?

मॅडम : शिपाई आहे त्यांच्यासोबत. मघाशी त्याला गाठ मारायला शिकवत होते.

सून : शिकवणारच. कुणी समोर दिसायचा अवकाश. मॅडम, बाबा सगळा जन्म तागाच्या दोरावर बसले. तागाच्या दोराचं दुखणं म्हणजे ओल. आत ओल राहिली की तो कुजतो, वरून धडधाकट आणि आतून चिखल. त्यांचा एक जोडीदार तसाच गेला, त्यांच्या डोळ्यांसमोर. तेव्हापासून दर सुट्टीला दोर धुवायचा, गच्चीवर ताणायचा, दुपारी कूस बदलायची, संध्याकाळी हातानं चाचपून बघायचा आणि मगच गुंडाळायचा. म्हातारपणी स्वतः दोरावरून उतरले, तर मुलाच्या दोराचं करायला लागले. सुट्टीचा दिवस म्हणजे बाबा आणि गच्ची. हे म्हणायचे, बाबा, हा प्लॅस्टिकचा आहे, याला काही होत नाही. तर ते म्हणायचे, दोराला जीव लावला की दोर जीव लावतो.

मॅडम : अरे देवा.

सून : थांबा, पुढं ऐका. शेवटच्या सुट्टीला बाबांना ताप भरला होता. उठवतच नव्हतं. दोर तसाच राहिला, धुतला नाही, वाळवला नाही. आणि त्याच आठवड्यात हे झालं. त्यांनी मनात काय धरून ठेवलंय कळलं ना? आपण आजारी पडलो, दोरात ओल राहिली, दोर कुजला. म्हणून पोरगा गेला. हातात घास धरून बसतात आणि मधेच म्हणतात, एवढा काही ताप नव्हता गं, उठता आलं असतं मला.

मॅडम : आणि खरं तर...

सून : खरं तर काय ते आपण दोघी जाणतो. मी हात जोडते तुमच्यापुढं. ते वर येतील आणि एकच विचारतील, ओल होती का? तुम्ही म्हणा, नव्हती. एवढंच. खोटं नाही ना ते?

मॅडम : खोटं नाही. ओलीचा काही संबंधच नाही.

सून : मग झालं.

मॅडम : पण अर्धं आहे.

सून : अर्ध्यावर जगू आम्ही. नाहीतरी घर अर्धंच राहिलंय. पूर्ण सांगितलंत तर मला आणखी एक खांदा द्यावा लागेल, मॅडम. आता माझ्यात ते नाही.

मॅडम : कागदावर मला कारण लिहावंच लागेल.

सून : लिहा. त्यांना तुमची ती भाषा वाचता येत नाही. मी औषधाच्या दुकानात उभी असते, रोज लोकांना कागद वाचून दाखवते. तो मीच वाचून दाखवीन. मला पाहिजे तेवढाच.

मॅडम : ठीक आहे. विचारतील तेवढंच सांगीन.

(दार उघडतं. मास्तर आत येतात. धाप लागली आहे, पण चेहरा उजळलेला.)

मास्तर : वा बाई, वा! काय गच्ची ठेवलीय तुम्ही!

सून : बाबा, तुम्ही गच्चीवर गेला होता? एवढे जिने चढून?

मास्तर : अगं, तो शिपाई म्हणाला, चला, दाखवतो आमची गंमत. आधी म्हटलं, प्रयोगशाळेची गच्ची, काय असणार, पाण्याची टाकी असेल. बघतो तर काय, चौकटीच चौकटी! सगळ्यांची तोंडं उन्हाकडे! पट्ट्या आहेत, जाळी आहे, ताडपत्रीचे तुकडे आहेत, आणि एका कडेला दोर! कसे ताणलेत सुरेख! एकालाही झोळ नाही. मला तिथं उभ्या उभ्या भरून आलं, बाई. म्हटलं, शिकलेली माणसंसुद्धा दोर उन्हातच ठेवतात.

मॅडम : बसा ना. पाणी घ्या.

मास्तर : घेतो. आमचा पोरगा मला हसायचा. म्हणायचा, बाबा, तुमचं वय झालं, दोराला काय ऊन दाखवताय, लोणचं आहे का ते? आज असता तर कान धरून आणला असता त्याला. म्हटलं असतं, बघ, सरकारी गच्चीवर बघ.

सून : बाबा, गोणपाट होतं.

मास्तर : काय?

सून : मॅडमना पुरावा मिळालाय. गोणपाटाचे तंतू चिकटलेत दोराला. यांनी घातलं होतं.

मास्तर : होतं?

मॅडम : होतं. नीट घातलेलं होतं. दोर तिथं घासलेलासुद्धा नाही.

मास्तर : शाबास. शाबास रे माझ्या वाघा. मला ठाऊक होतं, पण बाई, लोक बोलायला लागले की आपलं ठाऊक असलेलंही डळमळतं. त्या ठेकेदाराला मी आता काय करतो बघा. काही नाही करत. फक्त जातो आणि समोर उभा राहतो. बास.

सून : पाणी प्या आधी.

मास्तर : पितो गं. बाई, आता एकच विचारायचं आहे. खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका, माझं वय झालंय, मला सोसतं. आत ओल होती का?

मॅडम : नाही.

मास्तर : नीट बघितलंत? पीळ उकलून? ओल आत मध्यात बसते. वरून कळत नाही.

मॅडम : पीळ उकलून, एकेक धागा मोकळा करून बघितला. ओल नव्हती. कूज नव्हती. तुमच्या आजारपणामुळं या दोराचं तसूभरही नुकसान झालेलं नाही. हे मी शपथेवर सांगते.

मास्तर : नव्हती. सूनबाई, ऐकलंस? नव्हती ओल.

सून : ऐकलं, बाबा.

मास्तर : मला ताप होता गं. खरंच होता.

सून : होताच. मीच पट्ट्या ठेवत होते ना कपाळावर. आता रडू नका. चला, घरी जाऊ.

मास्तर : जाऊ, जाऊ. पण मग तुटला कसा?

सून : दोरच वाईट निघाला. कारखान्यातूनच.

मास्तर : असं कसं? मी स्वतः निवडलेला. दुकानात गुंडाळी सोडवून, दातानं चावून बघितला होता. दुकानदार म्हणाला, आजोबा, दोर आहे, ऊस नाही.

सून : हल्लीचा माल, बाबा. चावून काय कळतंय? उठा.

मास्तर : असेल बाबा. हल्ली कशाचाच भरवसा नाही. म्हणून तर मी आता कुणावर सोडतच नाही. बाई, तुम्हाला सांगतो, तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या पोरांना बोलावलं. म्हटलं, माझ्या एका सुट्टीच्या आळसानं माझा गेला असेल तर तुमच्यातला एकही जाऊ देणार नाही. आणा दोर सगळे माझ्याकडे.

सून : कुणाचे दोर?

मास्तर : सगळ्यांचे. त्याच्या टोळीतल्या सगळ्या पोरांचे. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आणून टाकतात, सुट्टीच्या संध्याकाळी घेऊन जातात. तो गेल्यापासून तू गच्चीवर पाऊल ठेवत नाहीस, तुला काय दिसणार? कपडेसुद्धा खिडकीत वाळत घालतेस.

सून : तेव्हापासून? इतके महिने?

मास्तर : एक सुट्टी चुकवली नाही. मी आणखी करू तरी काय, सांग ना? आज इथं यायचं होतं तरी पहाटे उठून सगळे धुतले, ताणले, मगच निघालो. कोवळ्या उन्हात टाकून आलोय. खरं ऊन आता चढेल. उद्यापासून पोरांचं नवं काम आहे, त्या नदीकडच्या उंच इमारतीचं. म्हटलं, चांगले कडक वाळवून देतो.

मॅडम : मास्तर, ते दोर कसले आहेत? निळे?

मास्तर : निळे, काही हिरवे. आता ताग वापरतंय कोण?

मॅडम : हाताला पांढरं काही लागतं का?

सून : मॅडम.

मास्तर : लागतं ना. साबण राहतो थोडा. माझं धुणं म्हातारपणाचं. दोनदा खळबळतो, तरी राहतो.

मॅडम : मास्तर, आमच्या गच्चीवरचे दोर तुम्ही बघितलेत...

सून : मॅडम, नको. शब्द दिलात तुम्ही.

मॅडम : दिला होता. पण तेव्हा मला वाटलं होतं, एकच दोर होता आणि तो तुटून गेला. उद्या ती पोरं वर चढणार आहेत.

मास्तर : काय चाललंय तुमचं? कसला शब्द?

मॅडम : ते दोर आम्ही तिथं...

सून : थांबा. तुम्ही बोलू नका. सांगायचंच असेल तर मी सांगते. परक्या माणसाच्या तोंडून नको. बाबा, माझ्याकडे बघा. इथं, माझ्याकडे. या गच्चीवरचे दोर यांनी जपायला ठेवलेले नाहीत.

मास्तर : मग?

सून : बिघडावेत म्हणून ठेवलेत. उन्हात किती दिवसांनी मोडकळीला येतात, ते बघायला.

मास्तर : असं कोण करतं? चांगला दोर मुद्दाम कोण बिघडवतं?

सून : यांचं कामच ते. कुठला माल उन्हात टिकतो, कुठला नाही, ते शोधायचं. बाबा, हा नवा दोर पाण्यानं कुजत नाही. टाकीत बुडवून ठेवला तरी नाही. याला ऊन मारतं.

मास्तर : ऊन?

सून : ऊन आणि वारा.

मास्तर : उन्हानं दोर सुकतो. पक्का होतो.

सून : तुमचा तागाचा. हा नाही.

मास्तर : बाई, ही काय बोलतेय?

मॅडम : खरं बोलतेय.

मास्तर : तो तुकडा द्या इकडे. त्याच्या दोराचा ना तो? द्या. मला पीळ उकलता येतो, राहू द्या. हा बघा, मोकळा झाला. आत तर निळा आहे. अगदी दुकानातून आणला तेव्हा होता तसा.

मॅडम : हो. आतपर्यंत ऊन पोचलं नव्हतं.

मास्तर : आणि वरून हा असा, धुवट. मला वाटायचं, किती स्वच्छ निघाला धुऊन.

सून : बाबा...

मास्तर : दुपारी मी त्याची कूस बदलायचो. एक अंग राहून जाऊ नये म्हणून.

मॅडम : तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, मास्तर. दोर विकणाऱ्यानं सांगितलं नाही, ठेकेदारानं सांगितलं नाही. आम्ही इथं बसून सगळं जाणतो, आम्हीही खाली येऊन कधी सांगितलं नाही. आणि कमरेला दुसरा दोर असता तर...

मास्तर : असता तर तोही मीच वाळवला असता. बाई, एक सांगा. मी तापानं पडून होतो ती सुट्टी. त्या दिवशी दोर पलंगाखाली होता.

मॅडम : हो.

मास्तर : म्हणजे तेवढाच एक दिवस मी त्याचं वाईट केलं नाही.

सून : असं नका ना बोलू.

मास्तर : आमच्या कामात रीत आहे, बाई. दोर ज्यानं तयार केला तो टोक हातात देतो आणि म्हणतो, दोर दिला. उतरणारा आधी हातभर हातभर तपासतो, मग म्हणतो, दोर घेतला. त्याशिवाय कुणी काठावरून पाय सोडत नाही. रोज सकाळी दारात मी त्याला दोर द्यायचो. दिला म्हणायचो, आणि तो खांद्यावर टाकून जिना उतरता उतरता म्हणायचा, घेतला. कधी तपासला नाही त्यानं. दुसऱ्या कुणाचा असता तर वीत न् वीत बघितला असता, एवढा कसोशीचा पोरगा. माझ्या हातचा होता म्हणून बघितला नाही.

सून : मीही बघितलं होतं, बाबा.

मास्तर : काय बघितलं होतंस?

सून : यांच्या शर्टावर पांढरा भुगा असायचा. दोराचा. रोज हातात यायचा माझ्या. मी चुना समजून झटकून टाकत होते.

मास्तर : हे आता कशाला सांगतेस मला?

सून : तुम्ही एकट्यानं घ्यायचं नाही म्हणून. घरात दोघंच उरलो आहोत. जे आहे ते वाटून घ्यायचं.

मास्तर : तुला ठाऊक होतं का हे, इथं येताना?

सून : नव्हतं. तुम्ही वर यायच्या जरा आधी कळलं. तुम्हाला कधी कळू द्यायचं नव्हतं मला. मरेपर्यंत नाही.

मास्तर : वेडी आहेस.

सून : आहे.

मास्तर : बाई, ते सगळे दोर आता सावलीत आणून ठेवले तर सुधारतील?

मॅडम : नाही. आत जे तुटलंय ते परत जुळत नाही. अंधारात ठेवले तरी थोडंफार चालूच राहतं. काहींना कमी लागलं असेल, पण डोळ्यांनी ओळखता येणार नाही. एकाही दोरावर माणूस लटकता कामा नये.

मास्तर : मग कापावे लागतील. नुसतं सांगून पोरं टाकणार नाहीत, मी ओळखतो त्यांना. आजचा दिवस काढू म्हणतील. हात हात लांबीचे तुकडे करायला हवेत, म्हणजे कशालाच उपयोग नाही.

मॅडम : मी येते तुमच्यासोबत. त्यांना मी समजावून सांगते. तुम्ही नका सांगू, तुम्हाला जड जाईल. नवे कुठले घ्यायचे, कसे झाकून ठेवायचे, तेही सांगीन.

मास्तर : तुम्ही या संध्याकाळी, जरूर या. शिकवा त्यांना. पण आधी मी बोलणार. दोर माझ्या शब्दावर आणून टाकले त्यांनी. कापले तर का कापले, ते मीच सांगायचं.

सून : काय सांगाल?

मास्तर : जे झालं ते. मास्तरानं पोराचा दोर कसा केला, ते. त्यांनी ते ऐकलं की यापुढं कुणाचाही दोर तपासल्याशिवाय घेणार नाहीत. बापाचासुद्धा.

सून : बरं. मग मी वर येते तुमच्याबरोबर.

मास्तर : तू गच्चीवर येत नाहीस.

सून : आज येते. एक टोक मी ताणून धरते, तुम्ही कापा.

मास्तर : हात भरेल तुझा त्या भुग्यानं.

सून : भरू दे. या वेळी झटकणार नाही.

मास्तर : चल तर मग, लवकर. ऊन चढायच्या आत पोचू.